पट्टीश्वरमचे लेह्य

शुक्रवारी दुपार कलली की आमच्या घरात एक वास उतरत असे. आधी सुंठीचा, मग जुन्या गुळाचा, मग कढलेल्या तुपाचा. आणि या साऱ्यांच्या तळाशी, घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ धरावे तसा, एक हिरवट कडसर दर्प, ज्याला नाव देण्याची गरज मला पुष्कळ दिवस भासली नाही. पट्टीश्वरमहून पोन्नम्मा नावाची एक म्हातारी ताडाच्या पानांच्या टोपलीत पितळी डबा घेऊन येई, आमच्या ओट्यावर टेकून पेलाभर ताक पिई, आणि माझी पत्नी अंबुजा तिच्याकडून आठवड्याचे लेह्य घेई. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगानंतर चाटायचे लेह्य या मुलखात घरोघरी असते. पचनाचे साधे, तिखटगोड औषध. अंबुजा ते दिवाळीनंतरही घेत राहिली. रोज दिवेलागणीला सुपारीएवढी गोळी आणि वर कोमट पाणी. मी समोरच्या मेजाशी काही ना काही लिहीत बसलेला असे. खिडकीतून येणारा तिरपा पिवळा उजेड तिच्या बोटांवर पडे, आणि बोटे तोंडाकडे जाताना तिचे डोळे क्षणभर मिटत. तो क्षण मी रोज पाहत होतो. त्याचा अर्थ मात्र मी चुकीचा लावला. आणि ज्याने पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांचे अर्थ लावून पोट भरले, त्याला ही कबुली सोपी नाही.

आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात लेखनिक होते. दरबार गेला, मोडीचे दप्तर वाळवीने खाल्ले, लेखणी तेवढी वंशात राहिली. आमच्या घरातले मराठी ऐकून पुण्याकडचा पाहुणा गालात हसतो. त्याच्या पणजोबांनी टाकून दिलेले शब्द आम्ही अजून रोजच्या वापरात ठेवले आहेत, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की आमची जीभ आपोआप तमिळकडे वळते. मी कुंभकोणमच्या कोर्टात वकिली केली आणि वयाच्या साठाव्या वर्षी ती सोडली. पक्षकार संपले, तक्रारी संपल्या नाहीत. मेलकावेरीतल्या आमच्या गल्लीचे तुंबलेले गटार, तीन तीन दिवस रेंगाळणारे टपाल, देवळाच्या वाटेवरचा मोडका दिवा, या सर्वांविषयी ज्याला त्याला माझी पत्रे गेली. मी रागीट आहे असे लोक म्हणतात. मी ते नाकारत नाही. ज्याला राग येत नाही त्याला अन्याय दिसतच नसावा, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही, सारे होऊन गेल्यावरही, आहे.

पत्र पाकिटात घालण्यापूर्वी ते अंबुजाला वाचून दाखवायचे, हा माझा नेम. शपथेवर दिलेल्या निवेदनाखाली ‘मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, मान्य आहे’ असे लिहावे लागते. त्या एका ओळीवाचून कागद लंगडा राहतो. सवय जडली ती घरीही आली. इंग्रजी पत्राचा मी वाक्यावाक्याला मराठीत अर्थ सांगत असे आणि ती शेवग्याची पाने खुडता खुडता ऐकत असे.

“पुन्हा गटार की?” ती विचारी. “या गटाराला तुमच्या पत्रांत आता नातवंडं झाली असतील.”

मी रागावून पुढे वाचत असे. संपले की ती म्हणे, “बरं आहे की.” आणि मी ते तीन शब्द शिक्क्यासारखे पत्रावर उमटवून घेई.

तिची पाठ धरली ती एका फाल्गुनात. कावेरी त्या दिवसांत नदी नसतेच, पांढऱ्या वाळूचा एक लांबलचक तापलेला पट्टा असतो, आणि घरोघरच्या विहिरी तळ दाखवू लागतात. अंबुजा विहिरीवरची घागर कमरेवर घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. घागर घरंगळली, तिचा आवाज थांबेपर्यंत ती उभीही झाली नाही, बसलीही नाही. तेले झाली, लेप झाले, उटणी झाली. कमरेतली कळ पायात उतरली आणि पाऊल बधिर होऊ लागले तेव्हा आमच्या इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्ही मद्रासला गेलो. तिथल्या एका इस्पितळातल्या शल्यविशारदांनी चित्र काढून समजावले: दोन मणक्यांच्या मधली गादी फुटून बाहेर आली आहे, ती एका मज्जातंतूच्या मुळावर दाबते आहे, कापून काढली की मूळ मोकळे होईल. मला तो युक्तिवाद पटला. अडथळा दाखवावा, तो दूर करण्याचा हुकूम मागावा. आयुष्यभर मी दुसरे काय केले होते? संमतीच्या कागदावर मी सही केली आणि अंबुजाला तो वाचून दाखवला. ती पालथी पडून होती. उशीत तोंड ठेवूनच म्हणाली, “बरं आहे की.”

शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे लाकडी फळीवर, मग चामड्याचा आणि पोलादी पट्ट्यांचा कंबरपट्टा, मग घर. जमिनीवर बसू नये, वाकू नये, वजन उचलू नये, अशी आज्ञा बरोबर आली. आणि आमच्या घरात तर सारे आयुष्य जमिनीवरच मांडलेले! चूल जमिनीवर, पाटावरवंटा जमिनीवर, केळीचे पान जमिनीवर, देव जमिनीपासून वीतभर. एका तिसऱ्या माणसाच्या आज्ञेने आमचे घर जणू तिच्या हाताखालून काढून घेतले गेले. मी सुताराकडून कमरेइतका ओटा करवून त्यावर चूल चढवली. त्या चुलीसमोर अंबुजा परक्याच्या स्वयंपाकघरात उभी असल्यासारखी उभी राही. जेवताना मी खाली पानावर आणि ती भिंतीशी स्टुलावर, मांडीवर ताट घेऊन. लग्नानंतर प्रथमच तिचा चेहरा मला मान वर करून पाहावा लागत होता. दारापुढचे ठिपक्यांच्या रांगोळीचे कोलम समोरच्या घरातली कामाक्षी काढू लागली. अंबुजा उंबऱ्यात उभी राहून ठिपके सांगे. कामाक्षीचा नवरा तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या एका सोसायटीत कारकून होता, ती स्वतः घरी बसून रेशमाच्या लडी उलगडून द्यायची, आणि दिवाळीच्या सुमारास तिला वळ्ळी नावाची मुलगी झाली.

आणि हे सगळे सोसून, दुखणे मात्र होते तिथेच होते. पायातली कळ ओसरण्याऐवजी पोटरीत विस्तवासारखी धुमसू लागली. मी मद्रासला लिहिले. उत्तर आले: शस्त्रक्रिया समाधानकारक झाली आहे, वेदना कालांतराने कमी होईल. ‘समाधानकारक’ या शब्दाने मला जो संताप आला तो मी आयुष्यात क्वचित अनुभवला असेल. कोणाचे समाधान? ज्याने कापले त्याचे, की जिला कापले तिचे? कालांतर म्हणजे किती काळ? मुदत नसलेले वचन हे वचनच नव्हे. हे सर्व मी लिहिले, पुन्हा लिहिले, कलमे पाडून लिहिले. रोज सकाळी मी तिला विचारी, “आज कसे आहे?” आणि ती काही सांगू लागे तो मी वही ओढून घेई. “थांब. किती वाजता सुरू झाले? किती वेळ राहिले? कालच्यापेक्षा अधिक की उणे?” ती माझ्या लेखणीच्या टोकाकडे पाही. हळूहळू तिची उत्तरे आखूड होत गेली. मी तिला साक्षीदार केले होते, आणि साक्षीदार विचारल्यापेक्षा अधिक बोलत नाही हे मी तरी विसरायला नको होते.

मग दिवाळी झाली, आणि तिच्यात पालट दिसू लागला. मार्गशीर्षाच्या धुक्यात, गल्लीतून भजनकरी पुढे गेले की मागे उरते त्या शांततेत, मला तिचे गुणगुणणे ऐकू आले. संक्रांतीला ती स्वतः चुलीशी तासभर उभी राहिली. एका संध्याकाळी आम्ही दोघे कावेरीच्या घाटापर्यंत चालत गेलो, पाणी कमी होते, पण होते, त्यात आंब्याच्या एका फांदीची सावली पडली होती, आणि ती म्हणाली, “पाय माझा आहे असं वाटतंय आज.” मी घरी येऊन शल्यविशारदांना पत्र लिहिले. माझ्या पूर्वीच्या पत्रांतली भाषा मी मागे घेतो, आपले कालांतर खरे ठरले, आपल्या हाताला यश आहे. क्षमायाचनेचे असे पत्र मी त्याआधी कोणाला लिहिलेले नव्हते. तेही मी वाचून दाखवले. अंबुजाने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “किती गोड लिहिलंय,” आणि आत गेली.

पुढच्या आषाढात, वारा तापलेला होता आणि मेट्टूरच्या धरणाचे पाणी अजून यायचे होते, तेव्हा एका सकाळी समोरच्या घरातून किंकाळी आली. वळ्ळी उठत नव्हती. आदल्या संध्याकाळी झोपलेले ते नऊ महिन्यांचे मूल उन्हे वर आली तरी हलत नव्हते. ओठ निळसर, श्वास इतका विरळ की दोन श्वासांच्या मध्ये माणूस म्हातारा व्हावा. डॉक्टर आले. त्यांनी तिला चिमटे काढले, पाणी शिंपडले, उभे धरले, हलवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती रडली तेव्हा सबंध गल्ली रडली. कामाक्षी म्हणाली की दात येताना मूल किरकिर करते म्हणून पोन्नम्माने गोळी दिली होती. डॉक्टरांनी उरलेला तुकडा बोटांत चुरडून हुंगला आणि म्हणाले, “अफू.”

त्या संध्याकाळी मी दारूबंदी आणि अफूच्या खात्याच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. त्यात अतिशयोक्तीचा एक शब्द नव्हता. मी ते अंबुजाला वाचून दाखवले. ती खुर्चीत ताठ बसली होती, कंबरपट्टा लुगड्याखालून दिसत होता, आणि तिच्या मांडीवर त्या दिवशी खुडायला काही नव्हते.

“त्यात पोन्नम्माचं नाव घालायलाच हवं की?” तिने विचारले.

“निनावी तक्रार कायद्यात उभी राहत नाही.”

“म्हातारी आहे ती.”

“मूल नऊ महिन्यांचे आहे.”

ती खिडकीतून समोरच्या दाराकडे पाहत राहिली. तिथे कामाक्षी मुलीला पदरात गुंडाळून बसली होती आणि दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरून पाहत होती. “बरं आहे की,” अंबुजा म्हणाली. मी पाकीट चिकटवले.

तमिळ आडी महिन्यात कावेरीला पाणी आले. घाटावर बायका नदीला फुले, काळे मणी, भाताचे प्रकार वाहत होत्या. त्याच आठवड्यात पट्टीश्वरमच्या एका झोपडीतून खात्याच्या माणसांनी पोन्नम्माला नेले आणि तिला महिन्याची कैद झाली. कामाक्षीने मला पायसम, म्हणजे खीर, आणून दिले. “रायर, तुमच्यामुळे रस्त्यातली नागीण गेली,” असे म्हणून ती पाया पडली. मराठी माणसाला इथे रायर म्हणतात. ते पायसम मी आनंदाने खाल्ले, हेही इथे लिहिले पाहिजे.

चार दिवसांत अंबुजाला ज्वर आल्यासारखे झाले. जांभयांवर जांभया, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा. वाऱ्या-पाण्याचा पालट, असे मला वाटले. मग ते ओसरले आणि त्याखालून, पूर उतरल्यावर नदीतला जुना खडक वर यावा तसे, दुखणे वर आले. पहिल्याहून तीव्र. ती भिंत धरून चालू लागली, मग भिंतीशीच उभी राहू लागली. कण्हू नये म्हणून ती पदराचा बोळा दातांत धरी. तो ओला बोळा मला दोरीवर वाळत घातलेला दिसे. मी मद्रासला पुन्हा पत्र लिहिले, आणि क्षमेचे ते पत्र मागे घेत असल्याचे त्यात स्पष्ट केले. या वेळी उत्तर लवकर आले: रुग्णास घेऊन यावे, पुन्हा उघडून पाहावे लागेल.

मी तिकिटे काढून आणली. ट्रंक खाली काढली. ती दाराच्या चौकटीला टेकून माझी लगबग पाहत होती.

“मद्रासला नको,” ती म्हणाली.

“नको म्हणून कसे चालेल? त्यांनी केलेले काम टिकले नाही. ते त्यांनी निस्तरले पाहिजे.”

“त्यांचं काम टिकलं नाही असं नाही. ते झालंच नव्हतं. मला बरं वाटलं ते लेह्यानं.”

मी हातातली घडी घातलेली लुगडी तशीच धरून उभा राहिलो. बाहेर कोणी सुऱ्यांना धार लावणारा ओरडत गेला. ती सावकाश बोलत होती, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेत. पोन्नम्माने तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते की यात अफू आहे, चोरून मिळते, दिवाळीच्या लेह्यात ती नसते, फक्त तुझ्या डब्यात आहे. सुपारीएवढीच घे, कमी नको, जास्त नको. आणि तिने तसेच घेतले, एक दिवसही अधिक नाही.

“मग मी ते पत्र वाचले तेव्हा बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला होता. तो खाली कसा आणावा हे मला कळेना.

“काय बोलू? ते लेकरू निळं पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पाठीसाठी पत्र फाडा, असं म्हणू की?” मग भिंतीकडे पाहत: “आणि त्या मद्रासवाल्याला तुम्ही जन्मात एक गोड पत्र लिहिलं होतं. ते खोटं आहे असं कसं सांगू?”

मी ट्रंक परत वर ठेवली. ती रिकामी होती, तरी उचलताना फार जड लागली.

वैद्यकीय दाखला असेल तर अफू परवान्यावर, मोजून मिळण्याची तरतूद कायद्यात होती; ती मला ठाऊक होती, आणि ठाऊक असूनही कधी आठवली नव्हती, कारण ती मी नेहमी दुसऱ्या बाजूने वाचली होती. इथल्या डॉक्टरांना घरी बोलावले. ते दाखला लिहू लागले. “कळ कोणत्या पायात उतरते?” त्यांनी विचारले.

“उजव्या,” मी म्हणालो.

“डाव्या,” खाटेवरून अंबुजा म्हणाली.

डॉक्टरांनी लेखणी न उचलता माझ्याकडे पाहिले. त्या घरात, त्या मेजाच्या खणात, तिच्या दुखण्यावर मी लिहिलेल्या पत्रांच्या नकला तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या. मी ते गेल्यावर एकेक काढून वाचली. भाषेत कुठे दोष नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वीचे सोडले तर एकाही पत्रात पाय कोणता ते लिहिलेले नव्हते, आणि त्या आधीच्या पत्रात लिहिला होता तो पाय चुकीचा होता. तिला मी ते वाचून दाखवले होते, आणि तिने मान्य केले होते.

किती अफू लागते हे सांगता यावे म्हणून लेह्याचे प्रमाण कळणे आवश्यक होते, आणि ते जाणणारी व्यक्ती एकच होती. मी बैलगाडीने पट्टीश्वरमला गेलो. दोन्ही बाजूंनी भाताची रोपे नुकतीच लावलेली, पाण्यात आकाश, आकाशात बगळे, आणि चिखलाचा तो गोड, आंबूस वास, जो एरवी मला मुलखाच्या भरल्या घराचा वास वाटतो. पोन्नम्मा झोपडीपुढे अप्पळम्, इथले पापड, लाटत होती. तिने मला पाहिले आणि लाटणे थांबवले नाही.

“या, वक्कील रायर. या वेळी कागद नाही आणला?”

मी उभाच राहिलो. माझे काम सांगितले.

“आधी लिहून मला आत घातलंत. आता लिहून घ्यायला आलात. तुमची शाई काही वाळत नाही.” मग तिने प्रमाण सांगितले, दोनदा, मुगाच्या आणि उडदाच्या दाण्यांच्या हिशेबात, आणि मी ते लिहून घेतले. मी निघण्याच्या बेतात असताना ती म्हणाली, “त्या पोरीला मी मुगाएवढीच द्यायला सांगितली होती. एकदा द्यायची म्हणून. आईनं लडी संपवायच्या म्हणून दोनदा दिली. मला कोणी विचारलं नाही.”

“कोर्टात सांगायचे होतेस.”

“कोर्टात तुमचं पत्र होतं,” ती म्हणाली. “ते फार चांगलं लिहिलेलं होतं म्हणे.”

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल नको, हे मी किती न्यायाधीशांपुढे, किती वेळा, मेजावर हात आपटून म्हटले असेल. परतताना गाडीवानाने विचारले, रायर, ऊन लागले का? मी होय म्हणालो.

अर्ज ज्यांच्याकडे करायचा ते अधिकारी तेच, पत्ता तोच. अर्जाच्या छापील कागदावर एक रकाना होता: अर्जदारास अफूची सवय किती वर्षांपासून. मी लिहिले, सवय नाही; वेदना आहे. कागद परत आला. रकाना योग्य रीतीने भरावा. माझ्या हाताला जुने स्फुरण चढले. मी चार पाने लिहिली, छापील रकान्याने एका निरपराध स्त्रीची अब्रू कशी घेतली जाते याविषयी, आणि ती अंबुजाला वाचून दाखवायला बसलो.

तिने दुसऱ्याच पानाला हात वर केला. “अवघं खरं आहे. पण लिहा की, अफू खाते म्हणून. या पाठीला आता कुठे स्थळ पाहायचंय?”

मी चार पाने बाजूला ठेवली. रकान्यात एक वर्ष असे लिहिले. ते वाचून दाखवले. ती म्हणाली, “बरं आहे की.” आणि चाळीस वर्षांत प्रथमच मी विचारले, “बरं आहे म्हणजे काय, अंबुजा?”

ती थोडी हसली. “म्हणजे तुम्ही आता थांबावं आणि जेवून घ्यावं. दुसरं काय.”

परवाना आला तेव्हा पौष अर्धा सरला होता. नेमून दिलेले प्रमाण पोन्नम्माच्या प्रमाणाहून बरेच कमी आहे. त्याने सकाळ निभते, संध्याकाळ निभत नाही. महिन्यातून काही दिवस दुकानात मालच नसतो. मग सकाळही निभत नाही. प्रमाण वाढवून मिळावे म्हणून मी अर्ज केला आहे, त्याचे उत्तर यायचे आहे, आणि ते नाही आले तर पुन्हा करीन. लिहिणे मी सोडलेले नाही, कारण न लिहिल्याने तिला एक कणही अधिक मिळणार नाही. वही मात्र आता तिच्यासमोर उघडत नाही. ती कधी आपण होऊन सांगते: आज टाचेत मुंग्या आहेत, आज कोणी ओला दोर पिळावा तसे होते आहे. बहुधा सांगत नाही. सवय तिला त्या काळात लागली ती अफूपेक्षा न सांगण्याची अधिक, आणि तिच्यासाठी कोणत्या खात्याचा परवाना काढावा हे मला माहीत नाही.

कामाक्षीला मी दोन गोळ्यांविषयी काही बोललो नाही. बोलायचे ठरवून एकदा तिच्या दारापर्यंत गेलो होतो. ती रेशमाची लड गुडघ्याला लावून बसली होती आणि तिचा एक हात, कामात असतानाही, मुलीच्या पायातल्या वाळ्याला धरून होता. मी गटाराविषयी काहीतरी बोलून परत आलो.

परवा सकाळी ती आमच्या दारापुढे कोलम काढत असताना वळ्ळी उंबरा ओलांडून आत आली. आता ती चालते. चालते म्हणजे धावते आणि पडते. अंबुजा पलंगाच्या कडेला बसली होती, गोळीचा अंमल उतरत आला होता, दोन्ही तळवे गादीवर दाबून ती पाठीचा भार हातांवर तोलत होती. मुलगी पलंगावर चढली, तिच्यामागे गेली आणि भिंतीला टेकावे तशी तिच्या पाठीला टेकून बसली, नेमकी तिथे, जिथे कापले होते. अंबुजाच्या चेहऱ्यावरून रंग गेलेला मी पाहिला. मी उठलो, मुलीला उचलायला हात पुढे केला. अंबुजाने मान हलवली. नको.

मी हात तसाच मागे घेतला. दाराबाहेर कामाक्षी तांदळाच्या पिठाने रेघ ओढीत विचारत होती, “अम्मा, इथे किती ठिपके?” अंबुजाने श्वास सावरला आणि नेहमीच्या आवाजात सांगितले, “अकरा.” मुलगी तिच्या पाठीला पाठ लावून पाय हलवत होती, वाळे वाजत होते, आणि मी त्या दोघींच्या समोर उभा राहून माझ्या पत्राचे हे दोन्ही परिणाम, निर्धास्त खेळणारी मुलगी आणि अपुऱ्या गोळीवर दुखणारी पाठ, पाहत होतो, कोणताही एक मागे घ्यावा असे मला म्हणता येत नव्हते, आणि दोन्ही एकाच वेळी सोसावेत एवढे बळ तिथे फक्त एकाच पाठीत होते.